रेकॉर्डरमधलं अर्धवट वाक्य

आधी ती खिडकी लावून घ्या. मध्येच दार आपटलं की तुम्ही घाबरणार आणि वर मलाच बोल लावणार. हं, आता बसा. ही गोष्ट मी ऐकलेली आहे, पण ज्याच्या तोंडून ऐकली तो माझा सख्खा मावसभाऊ. त्याला पत्त्यांतसुद्धा लबाडी जमत नाही. हातात चांगलं पान आलं की त्याचे कान लाल होतात. असला माणूस भुताची गोष्ट काय रचणार?

त्याला सगळे पेचकस म्हणतात. लोकांच्या खिशाला पेन असतं, त्याच्या खिशाला पेचकस. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो खिशातून डोकावतोय, आणि त्यावरून बायको अजून त्याला सुनावते. टीव्ही, रेडिओ, मिक्सर, काहीही बंद पडलं की याच्याकडे यायचं. काम करताना तो मशीनशी बोलतो. "काय गं बाई, कुठं दुखतंय? सांग तरी." बाहेरच्या माणसाला वाटावं, आत कुणी पेशंट आहे.

तर मागच्याच्या मागच्या वर्षी, नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. संध्याकाळ सरली होती, साडेसात वाजून गेले होते. पेचकस दुकानाचं शटर ओढत होता आणि फोन वाजला. पलीकडे एक ठेकेदार. गावात निम्मी घरं त्यानं बांधलेली, त्यामुळे नाव सगळ्यांना माहीत.

"घरी येऊन एक मशीन बघाल का? डीव्हीडी रेकॉर्डर आहे. जुना. आत हार्ड डिस्क असते तो."

तुम्हा पोरांना ते मशीन माहीत नसेल. टीव्हीखाली ठेवायचा एक चपटा डबा. कार्यक्रम आतल्या डिस्कवर रेकॉर्ड व्हायचा आणि हवा तर त्याची डीव्हीडी काढता यायची. आता कुणी वापरत नाही.

"साहेब, त्याचे पार्ट मिळत नाहीत," पेचकस म्हणाला. "नवीन काहीतरी घ्या की."

"नवीन दोन आणले. आईला तेच पाहिजे. परवापासून तिनं अन्नाला तोंड लावलेलं नाही." मग जरा थांबून, अगदी हळू, "या ना आजच."

आई जेवत नाही म्हटल्यावर पेचकस काय नाही म्हणणार. त्यानं पिशवी उचलली आणि गेला.

घर रस्त्याच्या टोकाला. शेवटच्या दिव्याच्याही पुढं. ठेकेदार दारातच उभा होता. उंच, आडवा, अनवाणी. एवढ्या मोठ्या देहातून इतका मऊ आवाज कसा निघतो, असं पेचकसला वाटलं. त्यानं आधी आईच्या खोलीत नेलं.

म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसली होती. डोळे साखरेनं गेलेले, पण कान कसले!

"उजवी चप्पल घासते तुमची," ती म्हणाली. "टाच झिजलीय."

पेचकसनं दारात काढून ठेवलेली चप्पल आठवून पाहिली. खरंच झिजली होती. तो हसला. "आजी, तुम्ही माझ्या दुकानात या बसायला. रेडिओतला बिघाड नुसता ऐकून सांगाल."

म्हातारी हसली नाही. तिनं त्या मशीनचं सांगितलं. तिची सून रोज संध्याकाळी तिला पुस्तक वाचून दाखवायची. पुढं सुनेनं एक युक्ती काढली. हॉलमध्ये हँडीकॅम समोर ठेवायचा, त्याची वायर रेकॉर्डरला लावायची आणि वाचायचं. म्हणजे सून घरात नसली तरी सासूनं बटण दाबावं आणि ऐकावं. अशी कितीतरी पुस्तकं त्या डब्यात साठली होती.

"आणि आता सूनबाई कुठं असतात?" पेचकसनं सहज विचारलं.

"निघून गेली," दारातून ठेकेदार म्हणाला. "मार्चमध्ये. न सांगता."

 म्हातारीनं चाचपडत पेचकसचं मनगट धरलं, आणि मुलाला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "जे काही निघेल ते मोठ्यानं लावा. मला इथं ऐकू आलं पाहिजे."

हॉलमध्ये टीव्हीखाली सिमेंटचा एक लांबलचक ओटा बांधलेला होता. वर काळ्या ग्रॅनाइटची जाड फरशी, तिच्यावर टीव्ही आणि टीव्हीशेजारी रेकॉर्डर. पेचकसला दोन गोष्टी खटकल्या. एक तर ओट्यानं भिंतीतला प्लगच झाकून टाकला होता, त्यामुळे टीव्ही आणि रेकॉर्डर दोन्हींना पलीकडच्या भिंतीतून लांब वायर ओढून आणलेली. आणि दुसरं, ओट्याचं प्लॅस्टर ओबडधोबड. गावात ज्याच्या कामाला नाव आहे, त्याच्याच घरात हे असलं काम? पण म्हणतात ना, शिंप्याचा सदरा फाटकाच. त्यानं ते मनावर घेतलं नाही.

मशीन चालू केलं. समोरच्या पट्टीवर 'वेट' असं आलं. आतून टिक, टिक, टिक. मग बंद. मग आपोआप पुन्हा चालू. पुन्हा टिक, टिक.

"काय गं, कशाची वाट बघायला सांगतेस?" पेचकस त्याला म्हणाला, आणि झाकण उघडलं.

आत धूळ. पॉवर सप्लायच्या पट्टीवर तीन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, बेडकाच्या गळ्यासारखे. हे नेहमीचंच दुखणं. त्यानं ते काढले, पिशवीतले तीन नवे सोल्डर करून बसवले, मीटर लावून पाहिलं. विजेचा दाब आता बरोबर येत होता. लेन्सवर स्पिरिटचा बोळा फिरवला. ठेकेदार सगळा वेळ पाठीशी उभा. बसा म्हटलं तरी बसेना.

पुन्हा चालू केलं. पुन्हा 'वेट'.

"अजून तेच," ठेकेदार म्हणाला.

"आता होईल. याचं काय झालंय सांगू का? रेकॉर्डिंग चालू असताना कुणीतरी वायर ओढलीय. शेवटचं रेकॉर्डिंग अर्धवट राहिलं. मशीन उठलं की ते आधी पुरं करायला बघतं, आणि सप्लाय कमजोर म्हणून मध्येच मरतं. आता दम आलाय त्याच्यात. करेल पुरं."

 पाठीमागून ठेकेदारानं विचारलं, "कॅमेऱ्यात टेप होती ना? कॅमेऱ्यातच होतं ना सगळं?"

"नाही साहेब. कॅमेरा नुसता बघायचा. लिहून ठेवायचं काम याचं."

"मग ते शेवटचं पुसून टाका. बाकीचं राहू द्या."

"पुसायलाही आधी उघडायला तर हवं."

टिकटिक थांबली. पट्टीवरचा 'वेट' गेला. टीव्हीवर यादी उमटली, ओळीनं रेकॉर्डिंगं, आणि सर्वात खाली एक नवीन ओळ. मार्च महिन्यातली.

"झालं?" आतून म्हातारीनं विचारलं.

"झालं आजी. कुठलं लावू?"

"आई, उद्या ऐक," ठेकेदार म्हणाला. "दमलीस तू."

"शेवटचं लावा," म्हातारी म्हणाली. "तिचं वाक्य अर्धवट राहिलं होतं त्या दिवशी. तेच लावा."

पेचकसला आयुष्यात म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणता आलेलं नाही. त्यानं बटण दाबलं.

हाच हॉल. पण ओटा नव्हता. भिंतीतला प्लग स्पष्ट दिसत होता. त्याच्यासमोर खुर्चीवर एक बाई. चष्मा, मागं बांधलेले केस, मांडीवर पुस्तक. ती वाचत होती. कुणा एका नावाड्याची गोष्ट. आवाज गोड नव्हता, पण ऐकत राहावा असा. वाचता वाचता तिनं मान वर केली. कॅमेऱ्याबाहेर कुणीतरी आलं होतं.

"उद्या जाणार आहेस?" तोच मऊ आवाज.

"हो."

"काय सांगणार पोलिसांना?"

"जे आहे ते. सिमेंटात काय मिसळलं होतं ते. तुमच्या स्लॅबखाली दोन माणसं गेलीत. त्यांच्या बायकांना तोंड दाखवता येत नाही मला."

"हळू. आईला ऐकू जाईल."

"जाऊ दे."

पावलं दूर गेली.  बाईनं चष्मा सारखा केला. आतल्या खोलीतल्या म्हातारीला काही कळू नये म्हणून असेल, तिनं पुन्हा पुस्तक उचललं आणि वाचू लागली. आवाज शक्य तितका सरळ ठेवून.

"नावाड्यानं वल्हं उचललं, आणि…"

मागून लोखंडी गज आला. बांधकामाचा. डोक्यावर एक. ती खुर्चीसकट कोलमडली. चष्मा उडाला. ती हातांवर उठायला गेली. दुसरा घाव मानेवर. तरी तिचा हात जमिनीवर सरकत होता, कॅमेऱ्याच्या दिशेनं. तिसरा. चौथा. मग ठेकेदाराचा चेहरा जवळ आला. घामानं निथळलेला. त्यानं वायर ओढली.

पडदा निळा.

पेचकस तसाच उकिडवा बसलेला.  मागं वळून पाहायचा धीर होईना. अखेर वळला.

मागं कुणी नव्हतं.

तेवढ्यात त्याला कळलं, ठेकेदार कशाला बाहेर गेलाय. तो उठायला लागला. पायाला मुंग्या आलेल्या. दारात ठेकेदार उभा राहिला. हातात गज.

"तुला पुसायला सांगितलं होतं," तो म्हणाला. राग नव्हता आवाजात. कामगाराला चुकलेली वीट दाखवावी, तसं.

"साहेब… माझं काय… मी जातो…"

पेचकसनं डावा हात वर केला. गज मनगटावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. तो ओट्याला आपटून खाली पडला.

"कोण पडलं?" आतून म्हातारी.

"कुणी नाही, आई," ठेकेदार तितक्याच मऊपणे म्हणाला. "मशीन पडलं."

आणि त्यानं गज पुन्हा उचलला. दुसरा घाव खांद्यावर. पेचकसच्या डोळ्यांपुढं काजवे. तोंडात रक्त. तिसरा डोक्यावर येणार, एवढं त्याला कळत होतं.

तो आला नाही.

ठेकेदार टीव्हीकडे बघत होता.

पडद्यावर चित्र आलं होतं. हाच हॉल. पण आताचा. पलीकडच्या भिंतीतून येणारी लांब वायर. जमिनीवर आडवा पेचकस. गज धरलेला ठेकेदार. आणि सगळं… खालून दिसत होतं. जमिनीलगत कुणी पडून वर बघावं, तसं. ठेकेदाराची अनवाणी पावलं मोठी दिसत होती. अगदी जवळ.

कॅमेरा नव्हता तिथं. काहीच नव्हतं. ओटा होता फक्त.

ठेकेदारानं हिसका देऊन वायर भिंतीतून उपटली. टीव्ही काळा झाला.

रेकॉर्डरचा लाल दिवा चालूच राहिला. रेकॉर्डिंगचा.

टिक.

टिक.

मग आवाज आला. टीव्हीतून नाही. डब्यातून नाही. त्याच्याही खालून.

"नावाड्यानं वल्हं उचललं, आणि…"

"बंद कर," ठेकेदार म्हणाला. पेचकसला. पेचकस कुठं काय करतोय… तो हलूसुद्धा शकत नव्हता.

"…आणि…"

"बंद कर म्हणतो ना!"

त्यानं गज रेकॉर्डरवर घातला. डबा चेपला. दुसऱ्या घावाला गज आरपार गेला. लाल दिवा विझला.

"…आणि…"

आता तो ओट्यावर घाव घालू लागला. त्याच्या समोरच्या बाजूवर. आपणच बांधलेल्या ओट्यावर. प्लॅस्टरचे कपचे उडाले. विटा निखळल्या. तो हुंदके देत होता की धापा टाकत होता, कळत नव्हतं. ओट्याला भगदाड पडलं. आत काळोख. आणि एक वास… पेचकस तो सांगत नाही. आजही नाही.

ठेकेदार थांबला. वाकला. आत बघायला.

एक पाऊल पुढं टाकलं.

पेचकस तिथंच पडलेला. हाताच्या अंतरावर. त्यानं जे पाहिलं ते असं. ठेकेदाराचा पाय भगदाडात घसरला नाही. आत ओढला गेला. घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. हाड मोडल्याचा आवाज. ठेकेदार ओरडला नाही. तोंड उघडं, पण आवाज नाही. दोन्ही हातांनी त्यानं वरची ग्रॅनाइटची फरशी धरली. स्वतःला बाहेर खेचायला. खालच्या विटा तर त्यानंच पाडलेल्या.

फरशी कलली. हळू.

टीव्ही घसरला. आणि मग ती जाड काळी फरशी, अख्खी, त्याच्या मानेवर आली.

शांतता.

धूळ खाली बसत होती. आणि त्या धुळीतून, स्वच्छ, संथ, पान उलटून वाचावं तसं…

"…आणि पाण्यात खाली पाहिलं."

मग काही नाही.

पेचकस उजव्या कोपरावर रांगत आतल्या खोलीपर्यंत गेला. म्हातारी खाटेवरून पाय खाली सोडून बसली होती. तोंड हॉलच्या दिशेला.

"पुरं केलं तिनं," ती म्हणाली. "ऐकलंत ना?"

"आजी…"

"माझा मुलगा गेला का?"

पेचकसनं उजव्या हातानं तिचा हात धरला. म्हातारीनं मान हलवली. रडली नाही ती. उशाखालचा फोन काढून त्याच्याकडे धरला. "पोलिसांना बोलवा. मला नंबर दिसत नाही. मार्चमध्येच बोलवायला हवं होतं."

पोलीस आले. ओटा फोडला. बाई त्यातच होती, आडवी. म्हातारीनं जबाब दिला. त्या संध्याकाळी वाक्य तुटलं ते तिनं ऐकलं होतं, घाव ऐकले होते, मग रात्रभर थापीचा आवाज ऐकला होता. आंधळीचं कोण ऐकणार आणि हाच मुलगा भरवणार, म्हणून गप्प राहिली. पण तिच्या हट्टानं मुलानं मार्चनंतर पहिल्यांदाच ते मशीन लावून पाहिलं आणि ते बंद पडल्याचं कळलं, तसा तिला एकच ध्यास लागला. आत काय आहे ते बाहेर काढणारा माणूस घरात आणायचा. त्यासाठी अन्न सोडलं. "मीच बोलावलं त्यांना," ती पोलिसांना म्हणाली. "त्यांचा हात मोडला तो माझ्यापायी." पुढं तिची लेक तिला घेऊन गेली.

कागदोपत्री काय, तर ठेकेदारानं स्वतःच ओटा फोडला आणि फरशी अंगावर पडली. पाय आत कसा गेला, यावर कुणी फार डोकं चालवलं नाही. डिस्कच्या चिंध्या झाल्या होत्या. तिच्यातून काही निघालं नाही. त्या बाईला तिच्या भावांनी नेलं, रीतसर निरोप दिला.

पेचकसच्या मनगटात स्टीलची पट्टी घालून वरून प्लॅस्टर चढवलं. बोटांपासून कोपरापर्यंत. जानेवारीत ते काढायला मीच त्याला घेऊन गेलो होतो. म्हणजे इथून पुढचं ऐकीव नाही. हे मी पाहिलेलं.

दवाखान्यात भर दुपार. बाहेर माणसांची गर्दी. डॉक्टरांनी ती छोटी करवत चालवली, प्लॅस्टरचे दोन भाग केले, आतला कापूस सोलून काढला. आणि हात थांबला त्यांचा.

मनगटाभोवती वळ होते. चार बोटं आणि एक अंगठा. बारीक बोटं, बाईमाणसाची.

"हे त्या रात्रीचं असेल," मी म्हणालो.

डॉक्टरांनी वळावर बोट दाबलं. पेचकस कळवळला.

"त्या रात्रीचं आतापर्यंत पिवळं पडून गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. "हे लाल आहे. हे आजचं आहे. सकाळचं फार तर." त्यांनी प्लॅस्टरचे दोन्ही तुकडे उलटसुलट करून पाहिले. कुठं चीर नाही, भोक नाही. "यांना कुणी धरलं होतं का?"

पेचकसनं मान हलवून नाही म्हटलं. 

डॉक्टरांनी आपला हात त्या वळांवर धरून पाहिला. असा, वरून. जुळेना. बाजूनं धरला. तरी जुळेना. मग ते वाकले, हात पार खाली नेला आणि तिथून वर आणून मनगट धरलं.

तेव्हा जुळला.

म्हणजे धरणारं माणूस उभं नव्हतं, पोरांनो.

आडवं होतं.